एक भूमिका, तीन संच: अलाँ रेनेचा नाटकवाल्यांचा सिनेमा कसा दाखवावा, कसा पाहावा, तालमीत कसा वापरावा

‘नवा संच’ म्हणजे काय, हे मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. ‘नटसम्राट’मध्ये डॉ. श्रीराम लागूंचे अप्पा बेलवलकर पाहिलेली माणसं पुढे दत्ता भटांचे अप्पा पाहायला गेली, तेव्हा आधीचा आवाज त्यांच्या कानातून गेलेला नव्हता. प्रेक्षकाचं हे असं होतं. पण ती भूमिका ज्याने सोडली, तो नट प्रेक्षागृहात बसून दुसऱ्याच्या तोंडून आपलीच वाक्यं ऐकतो तेव्हा त्याच्या आत काय चालतं? फ्रेंच दिग्दर्शक अलाँ रेने यांनी या एका प्रश्नावर ११५ मिनिटांचा सिनेमा केला. ‘वू नावे आँकोर रिएँ व्यू’ हे त्याचं नाव, म्हणजे ‘तुम्ही अजून काहीच पाहिलेलं नाही’. मे २०१२ मध्ये तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला, तेव्हा ३ जून १९२२ ला जन्मलेल्या रेने यांना नव्वदी गाठायला थोडेच दिवस उरले होते.

नाट्यसंस्था, एकांकिका करणारे गट आणि फिल्म सोसायट्या यांनी हा सिनेमा आवर्जून दाखवावा असा आहे. पण तयारीशिवाय लावला तर अर्धी खोली चाळिसाव्या मिनिटाला मोबाइल काढते. दोष प्रेक्षकांचा नसतो. तेच प्रवेश पुन्हा येतात, माणसं बदलतात, आणि का बदलतात ते कुणी सांगितलेलं नसतं. पुढची सगळी खटपट ही अडचण दूर करण्यासाठी आहे.

आधी गोष्ट, मग नाटक

सिनेमाची चौकट साधी आहे. आंत्वान द’आंताक नावाचा नाटककार वारतो. त्याच्या नाटकांत कामं केलेल्या नटनट्यांना एकेक फोन जातो आणि सगळे त्याच्या घरी जमतात. तिथे त्याचा सेवक एक ध्वनिचित्रमुद्रण लावतो. त्यात आंत्वान स्वतः बोलतो: एका तरुण नाटक कंपनीने माझं ‘युरिडीस’ करायची परवानगी मागितली आहे, त्यांच्या तालमीचं चित्रण पाहा आणि द्यावी की नाही ते तुम्ही ठरवा. जमलेल्यांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी याच नाटकात काम केलेलं आहे. तालीम पडद्यावर सुरू होते आणि सोफ्यावर बसलेल्या जुन्या नटांच्या तोंडी वाक्यं यायला लागतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे नट सिनेमात आपापल्या खऱ्या नावाने वावरतात. फोनवर मिशेल पिकोलीला ‘मिशेल पिकोली’ म्हणूनच विचारलं जातं. आंत्वान मात्र कल्पित पात्र आहे, ते काम देनी पोदालिदेसने केलं आहे. सुरुवातीच्या परिचयात हे एक वाक्य सांगितलं नाही, तर फ्रेंच नट न ओळखणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला फोनचा तो सगळा भाग नुसती नावांची यादी वाटतो.

‘युरिडीस’ हे जाँ आनुई यांचं १९४१ मधलं नाटक. शिरवाडकरांनी मराठीत आणलेल्या ‘बेकेट’चे मूळ लेखक तेच. सिनेमाची बाहेरची चौकट आनुईंच्याच १९६९ च्या ‘शेर आंत्वान’वरून घेतली आहे, पण ते वाचलं नाही तरी अडत नाही. ‘युरिडीस’ मात्र वाचायलाच हवं. इंग्रजीत शोधताना एक घोटाळा होतो: किटी ब्लॅक यांचा अनुवाद ब्रिटनमध्ये ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’ आणि अमेरिकेत ‘लेजंड ऑफ लव्हर्स’ या नावाने आहे. ‘युरिडीस’ एवढंच नाव टाकून शोधलं तर भलतीच नाटकं हाती लागतात.

वाचायला वेळ नसलेल्यांसाठी चारही अंकांचा सारांश एका पानात छापून द्या. त्यात एवढं पुरे:

पहिला अंक, रेल्वे स्टेशनवरचं उपाहारगृह. व्हायोलिन वाजवणारा ऑर्फे आपल्या हार्प वाजवणाऱ्या बापाबरोबर गावोगाव फिरतो आहे. फिरत्या नाटक कंपनीतली युरिडीस त्याचं वाजवणं ऐकते. दोघं भेटतात आणि काही मिनिटांत एकमेकांचे होतात. तिच्यावर प्रेम करणारा मातियास गाडीखाली जीव देतो.

दुसरा अंक, मार्सेयमधल्या हॉटेलची खोली. पहिली सकाळ. तिच्या भूतकाळाची चौकशी सुरू होते. एक चिठ्ठी येते, युरिडीस काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडते आणि परतत नाही. कंपनीचा चालक द्यूलाक येऊन तिच्यावर हक्क सांगतो. मग बातमी येते की तूलाँच्या रस्त्यावर बसला अपघात झाला आणि ती गेली.

तिसरा अंक, पुन्हा स्टेशन, रात्र. मस्य आँरी हा गूढ गृहस्थ तिला परत आणतो. अट एकच, उजाडेपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही. ऑर्फेला खरं काय ते जाणून घ्यायचं असतं. तो पाहतो.

चौथा अंक, पुन्हा हॉटेलची खोली. बाप आणि आँरी ऑर्फेशी बोलतात. एक जगण्याच्या बाजूने, दुसरा मरणाच्या.

ऑर्फियसची ग्रीक कथा वेगळी सांगायची गरज पडत नाही, ती यातच आली. चर्चेत कुणीतरी सावित्रीचं नाव काढतंच. काढू द्या, पण लगेच फरक दाखवा: सावित्री यमाशी बोलून जिंकते, इथे बोलायला मनाई नाही, पाहायला आहे. नाटकाचा सगळा ताण त्या अटीत आहे, आणि सिनेमात तर माणसं दोन तास नुसती पाहतच बसलेली आहेत.

तीन जोड्यांची चिठ्ठी

प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी हवी. अक्षर मोठं, म्हणजे सिनेमाच्या उजेडात वाचता येईल. तीवर या तीन ओळी:

सर्वांत थोरली जोडी: साबीन अझेमा आणि पिएर आर्दिती.
मधली जोडी: आन कोंसिन्यी आणि लाँबेर विल्सन.
तरुण जोडी, फक्त पडद्यातल्या पडद्यावर: विमला पोन्स आणि सिल्वाँ दिएद.

खाली लिहा: आँरी – मात्यू अमाल्रिक. ऑर्फेचा बाप – मिशेल पिकोली. युरिडीसची आई – आनी द्यूपेरे. आईचा प्रियकर व्हँसाँ – मिशेल व्हुईएर्मोझ. द्यूलाक – इपोलित जिरार्दो. मातियास – जाँ-नोएल ब्रूते. नावांबरोबर टपालतिकिटाएवढे फोटो छापले तर आणखी चांगलं, कारण फ्रेंच उच्चार कानावर पडून लगेच निसटतात.

चिठ्ठीवर वयं लिहा असा आमचा आग्रह आहे. २०१२ मध्ये अझेमा ६२ वर्षांच्या होत्या, आर्दिती ६७, कोंसिन्यी ४८-४९, विल्सन ५३, आणि बाप झालेले पिकोली ८६. नाटकातली युरिडीस मात्र कोवळी मुलगी आहे. ६२ वर्षांची बाई पहिल्या प्रेमाची वाक्यं बोलते तेव्हा खोलीत कुणीतरी हसतं. ते हसू पहिल्या दहा मिनिटांत विरावं असं वाटत असेल तर वय आधीच समोर ठेवलेलं बरं. आपल्या संगीत नाटकाच्या परंपरेत पन्नाशीच्या नटाने तरुण नायिका उभी केली आणि लोकांनी ती मानली. तीच नजर इथे चालते.

प्रत, पडदा, आवाज

बहुतेक गटांकडे प्रत येते ती युरोपातून मागवलेली डिस्क. तिथे दोन गोष्टी आडव्या येतात. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये आणि युरोप विभाग २ मध्ये. ब्ल्यू-रेसाठी भारत सी, युरोप बी. म्हणजे इथे घेतलेला साधा प्लेअर ती डिस्क नाकारू शकतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, ज्या यंत्रावर दाखवायचा त्याच यंत्रावर लावून पाहा. आणि डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाचा हक्क मिळाला असं होत नाही. तिकीट नसलं तरी सभासदांपुढे दाखवायचा तर हक्कधारक वितरकाची लेखी परवानगी लागते. पत्रात प्रेक्षकसंख्या, ठिकाण, तारीख आणि प्रवेश सशुल्क की मोफत हे चारही स्पष्ट लिहा, म्हणजे उलटटपाली तेच प्रश्न येत नाहीत.

चित्र रुंद आहे, २.३५ ला १. त्यामुळे १० फूट रुंद पडद्यावर चित्राची उंची जेमतेम सव्वाचार फूट मिळते आणि वरखाली काळ्या पट्ट्या राहतात. पट्ट्या घालवण्यासाठी प्रोजेक्टरवर ‘झूम’ किंवा ‘फिल’ लावण्याचा मोह होतो. लावू नका. या सिनेमात पडदा मधेच दुभागतो, एका बाजूला एक जोडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. झूम केलं की कडेचा नट कापला जातो, आणि नेमका तोच बोलत असतो. दुभागलेल्या पडद्यावर चेहरे लहान होतात, म्हणून १० फुटांच्या पडद्यासाठी शेवटची रांग ३० फुटांच्या पलीकडे नेऊ नये. ‘ओव्हरस्कॅन’ (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) बंद करा, आणि चित्राचा ‘डायनॅमिक’ प्रकार काढून ‘सिनेमा’ ठेवा. आंत्वानच्या घरातली दालनं अंधुक आहेत. डायनॅमिकमध्ये अंधार सपाट काळा होतो आणि सोफ्यावर ऐकत बसलेली माणसं दिसेनाशी होतात. ती दिसली नाहीत तर सिनेमाच गेला.

आवाजाची चूक हमखास होते. डिस्कवरचा आवाज बहुवाहिनी असतो, संवाद मधल्या वाहिनीवर. सभागृहात फक्त डावा-उजवा असे दोन स्पीकर असले आणि प्लेअर तसाच ठेवला, तर संगीत खणखणीत येतं आणि माणसं कुजबुजतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्टीरिओ’ किंवा ‘डाउनमिक्स’ करा. मार्क स्नो यांचं संगीत संवादांच्या खालून हलकं वाहत राहतं. संवादाची पातळी नीट लावली की संगीत आपोआप जागेवर बसतं.

मराठी तळओळी (सबटायटल्स) करायच्या असतील तर

इंग्रजी तळओळींवर चालतं, पण आनुईंचं गद्य घाईत वाचायचं नाही. मराठी तळओळी केल्या तर पन्नाशीपुढचे नाट्यरसिक मोकळेपणाने सिनेमा पाहतात. तिघांच्या गटाला साधारण तीन आठवडे लागतात: एकाने अनुवाद, दुसऱ्याने मोठ्याने वाचून तपासणी, तिसऱ्याने वेळ बसवणं.

एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं, आणि ओळ कमीत कमी दीड सेकंद पडद्यावर. फाइल एसआरटी या तळओळींच्या प्रकारात आणि साठवण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच. दुसऱ्या कशात साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं तुटून ‘प्रेम’चं ‘प् रेम’ होत असेल तर चूक फाइलची नसून प्लेअरची आहे. प्लेअर बदला किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा टंक निवडून पाहा.

वेळ बसवताना एक रोग ओळखता यायला हवा. सिनेमागृहाचा वेग सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), युरोपातल्या डीव्हीडीचा २५. त्यामुळे ११५ मिनिटांचा सिनेमा डीव्हीडीवर साधारण ११० मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. २४ साठी केलेल्या तळओळी २५ वर लावल्या तर पहिल्या दहा मिनिटांत सुमारे २५ सेकंद मागे पडतात आणि अंतर वाढतच जातं. म्हणून आधी सुरुवातीचा एक संवाद तपासा, मग शेवटाजवळचा एक. दोन्हीकडे चूक सारखीच असेल तर नुसती वेळ सरकवा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ती ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होते. चूक वाढत गेली असेल तर कळा दाबून उपयोग नाही, सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये चौकटींचा वेग २४ वरून २५ करून फाइल नव्याने साठवा.

अनुवादातला सर्वांत नाजूक निर्णय असा: एकच वाक्य दोन जोड्या बोलतात तेव्हा मराठी वाक्य तेच ठेवायचं. अनुवादकाला वाटतं, अझेमा जरा पोक्त आहे, तिला पोक्त शब्द द्यावेत, कोंसिन्यीला हळवे. तसं केलं की सिनेमाचा प्रयोगच मोडतो. शब्द एकच असतात म्हणून तर नटाचा फरक दिसतो. पुनरावृत्तीची वाक्यं आधी वेगळ्या वहीत उतरवा, प्रत्येकासाठी एकच मराठी रूप पक्कं करा आणि मग कामाला लागा. ऑर्फे आणि युरिडीस एकमेकांना ‘तू’ कधी म्हणायला लागतात तेही एकदाच ठरवा आणि तिन्ही जोड्यांना तेच लावा. मुलगा आणि बाप यांच्यात मराठीत ‘बाबा, तुम्ही’ चालेल की ‘तू’, यावर वाद होईल. फिरस्त्या कलावंत बापलेकांना ‘तू’च शोभतं, त्यांच्यातली कुरकुर त्यात मोकळी होते.

पाहताना नजर कुठे ठेवायची

बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी एवढं एकच सांगा.

पडद्यातल्या पडद्यावर तरुण मंडळी तालीम करतात. रिकामी, गोदामासारखी जागा, नेपथ्य नावापुरतं. ते चित्रण रेने यांचं नाही. त्यांनी ते ब्रुनो पोदालिदेस या दुसऱ्या दिग्दर्शकाकडे सोपवलं आणि त्याला मोकळीक दिली. म्हणून त्याचा पोत खरोखरच परका आहे, दुसऱ्या हाताचा. जुने नट ते पाहतात. प्रथम ओठ हलतात. मग एखादं वाक्य पडद्यावरच्या नटाबरोबर, अगदी दबक्या आवाजात. मग कुणीतरी शेजारच्याकडे वळून पुढचं वाक्य टाकतो, आणि शेजारची ते झेलते. ओठ, आवाज, मान वळणं, उठणं या क्रमाकडे लक्ष द्या. कुठल्याही तालमीत पाठांतर जसं जागं होतं तसाच हा क्रम आहे.

त्यानंतर खोलीच बदलते. सोफ्याच्या मागे स्टेशन येतं, भिंतीच्या जागी हॉटेलची खोली. ही दृश्यं मुद्दाम कृत्रिम ठेवली आहेत. जाक सोल्निए यांचं नेपथ्य आणि एरिक गोतिए यांचं छायालेखन, दोघांनीही खरं स्टेशन दाखवण्याचा आव आणलेला नाही. ‘हा फ्लॅशबॅक आहे का?’ असा प्रश्न इथे येतो. नाही. फ्लॅशबॅक असता तर नट तरुण दाखवले असते. आजचेच नट, आजच्याच सुरकुत्यांसह, नाटकाच्या जागेत शिरतात. आठवण त्यांना मागे नेत नाही, ती त्यांच्याकडे येते.

हॉटेलच्या खोलीतला प्रवेश जवळून पाहा. युरिडीस ऑर्फेला विचारते की पाहिलेली माणसं, ऐकलेले शब्द, ओंगळ गोष्टीसुद्धा, सगळं माणसाच्या आत राहून जातं का. तिला तिच्या भूतकाळाची लाज वाटते म्हणून ती विचारते. पण हाच प्रश्न अझेमांच्या तोंडून येतो तेव्हा तो अभिनेत्रीचाही होतो: बोललेल्या सगळ्या भूमिका आत राहतात का? आनुईंनी १९४१ मध्ये लिहिलेल्या ओळीला हा दुसरा अर्थ नटाच्या वयाने मिळतो. एक शब्दही बदललेला नाही. दोन जोड्यांत हा प्रवेश ताडून पाहताना तीन गोष्टी टिपा: दोघांतलं अंतर, कोण आधी स्पर्श करतं, आणि वाक्याआधीचा थांबा. आर्दिती वाक्यावर तुटून पडतात, विल्सन वाक्याला वाट देतो. दोघांपैकी ‘खरा’ ऑर्फे कोण याचा शोध घेऊ नका, त्या शोधात निम्मा सिनेमा निसटतो.

पिकोलींच्या बापावर वेगळं लक्ष ठेवावं. बाप कंजूष, बडबड्या, हॉटेलच्या दरांचा हिशेब मांडणारा. चौथ्या अंकात तोच जगण्याची बाजू मांडतो, आणि ती बाजू दुबळी आहे. ८६ वर्षांचा थोर नट ती दुबळी बाजू इतक्या चवीने बोलतो की बाजू पटत नाही, पण माणूस पटतो.

मध्यंतर शक्यतो नको. सभागृहाच्या नियमाने घ्यावंच लागलं तर दुसरा अंक संपल्यावर, अपघाताची बातमी आल्यानंतर घ्या, आणि दहा मिनिटांच्या वर नको.

चर्चा

एकूण वेळ साधारण पावणेचार तास धरा: अर्धा तास परिचय, ११५ मिनिटं सिनेमा, वीस मिनिटं चहा, एक तास चर्चा. ‘कसा वाटला?’ असं विचारून सुरुवात केली की उत्तरं येतात, ‘जरा लांबला’, ‘छायाचित्रण छान’. त्याऐवजी विचारा: पडद्यावर पहिलं वाक्य पुटपुटलं कुणी? लोक भांडायला लागतात आणि भांडता भांडता सिनेमा आठवायला लागतात. दुसरा प्रश्न: तरुण कंपनीला तुम्ही परवानगी दिली असती का? नाटकवाल्यांच्या खोलीत हा प्रश्न एकटा अर्धा तास पुरतो, कारण तो आपल्याकडच्या प्रत्येक पुनरुज्जीवित नाटकाचा प्रश्न आहे.

रेने यांचं आणखी काही पाहायचं ठरलं तर ‘गेल्या वर्षी मारियनबादला’ने सुरुवात करू नये, तो १९६१ चा सिनेमा नवख्याला दार लावून घेतो. १९८६ चा ‘मेलो’ घ्या. तोही एका नाटकावरून, आणि अझेमा-आर्दिती त्यात पंचवीस वर्षांनी तरुण आहेत. तो पाहून पुन्हा हा सिनेमा लावला की प्रेक्षकालाच त्या दोघांची आठवण यायला लागते.

तालमीत वापरण्याचा सराव

हा भाग नाट्यसंस्थांसाठी. आपल्याच संस्थेने दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेलं एक नाटक निवडा, ज्यातले जुने दोन नट आज येऊ शकतील. ‘युरिडीस’च घेण्याचा हट्ट नको. आनुई १९८७ मध्ये वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे जाहीर प्रयोगाला परवानगी लागेलच.

दोन पात्रांचा, सहा-सात मिनिटांचा एक प्रवेश घ्या. फोनवरचा किंवा पत्रवाचनाचा नको, दोघांत देवघेव हवी. नव्या जोडीने तो चोख पाठ करून उभा करायचा आणि त्याचं चित्रण करायचं: मोबाइल आडवा, तिकाटण्यावर, छातीच्या उंचीला, कॅमेरा न हलवता, सलग. आवाजासाठी दुसरा मोबाइल किंवा कॉलर-माइक नटापासून दोन फुटांच्या आत ठेवा. लांबून घेतलेल्या आवाजात वाक्यांच्या कडा विरघळतात आणि पुढच्या फेरीत जुन्या नटाला पकड मिळत नाही. संकलन करू नका, कट आला की लय तुटते.

जुन्या जोडीला संहिता आधी द्यायची नाही. ‘जरा नजर टाकून येतो’ म्हणतील, नम्रपणे नाही म्हणा. खोलीत मूळ प्रयोगाचं फर्निचर नसलं तरी खुर्ची, टेबल, दार यांच्यातली मूळ अंतरं टेप लावून जमिनीवर आखा. हालचालींसकट पाठ केलेलं वाक्य हालचालीबरोबर परत येतं. खुर्ची चार फुटांऐवजी सात फुटांवर असेल तर नट तिथे पोचेपर्यंत वाक्य संपलेलं असतं, तो गोंधळतो आणि पुढचं विसरतो. स्मरण कमी पडलं असं सगळ्यांना वाटतं, खरं तर फूटपट्टी चुकलेली असते.

पहिली फेरी: जुनी जोडी शेजारी शेजारी बसून चित्रण पाहते. बोलायचं नाही. निरीक्षकाने फक्त त्यांच्या ओठांकडे आणि पायांकडे पाहून टिपणं घ्यायची. दुसरी फेरी: आवाज निम्मा करून तेच चित्रण, वाक्य आलं तर पुटपुटायची मुभा. तिसरी: आवाज पूर्ण बंद, नुसतं चित्र. इथे जुना नट एकतर नव्याच्या ओठांबरोबर धावतो किंवा स्वतःच्या जुन्या लयीत पुढे जातो, आणि हीच मोलाची जागा. कुठल्या वाक्यावर तो चित्राला सोडून देतो ते संहितेवर खूण करून ठेवा. चौथी फेरी: चित्रण बंद, दोघं उठून आखलेल्या जागेत प्रवेश करतात. चारही फेऱ्या दोन तासांत होतात, प्रत्येकीनंतर पाच मिनिटांहून जास्त बोलणं नको.

काय बिघडतं? पहिलं, जुना नट दिग्दर्शक होतो आणि ‘आमच्या वेळी इथे असं होतं’ सुरू करतो. त्याला तोंडी सांगू देऊ नका, करून दाखवू द्या. दुसरं, वाक्य अडलं की विंगेतून कुणीतरी लगेच पुरवतं. प्रॉम्प्टरने मनात दहा आकडे मोजावेत. सात-आठपर्यंत वाक्य बहुतेक वेळा येतं, आणि त्या आठ आकड्यांत चेहऱ्यावर जे चालतं त्यासाठीच हा सराव आहे. तिसरं, नवी जोडी बघत असेल तर ती खजील होते किंवा जुन्यांची नक्कल उचलते. तिला चौथ्या फेरीलाच आत बोलवा. नंतर तिने आपला प्रवेश पुन्हा करायचा, खुणा केलेल्या वाक्यांवर थांबून पाहायचं, आणि मग तिला हवं ते ठेवून बाकीचं टाकून द्यायचं.

शेवटाबद्दल, फक्त आयोजकांसाठी

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. तालमीचं चित्रण संपल्यावर आंत्वान जिवंत समोर येतो. मृत्यूचा बनाव त्यानेच रचलेला असतो. पण सिनेमा तिथे संपत नाही. परिचयात यातलं काही फोडू नका, छापील सारांशातही नाही. सारांश नाटकाच्या चार अंकांपुरताच ठेवला आहे तो त्यासाठी. आणि दिव्यांच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: आंत्वान परत आल्यावर लोक टाळ्या वाजवतात, उठायला लागतात, तेव्हा दिवे लावायचे नाहीत. पुढे काही मिनिटं आहेत, स्मशानभूमी आहे, आणि अगदी शेवटी फ्रँक सिनात्राचा आवाज येतो. ते इंग्रजी गाणं पूर्ण वाजू द्यावं. गाण्याचा शेवटचा स्वर विरला की मनात पाच मोजा, मग मागच्या रांगेपासून दिवे हळूहळू वाढवा.